पेव्हर ब्लॉकऐवजी तेरडा

मैत्रिणींनो, आमच्या कराडातल्या कुठल्याही कॉलनीत एक चक्कर मारा. बंगल्याचं फाटक उघडलं, की आत काय दिसतं? तांबडे-करडे पेव्हर ब्लॉक, त्यावर उभी गाडी, भिंतीकडेला चार-पाच सिमेंटच्या कुंड्या, त्यांत क्रोटन नाहीतर एखादा पाम. हौस असलीच, तर विकतच्या लॉनचा चादरीएवढा तुकडा. अंगण कसं चकाचक! पाण्याचा पाइप मारला की झालं. चिखल नाही, केर नाही, किडा-मुंगी नाही. आणि हो, फुलपाखरूही नाही.

या चकाचकपणावर माझा राग नाही. पहाटे उठून दोन डबे, नाश्ता, पाणी भरणं करणाऱ्या बाईचा अंगण झाडायचा वेळ वाचला, तर तिला तो हवाच असतो. पण श्रावण आला की याच घरांतल्या आपण सगळ्याजणी पिशवी घेऊन मंडईत जातो आणि आघाडा, दूर्वा, पत्री पैसे मोजून घेऊन येतो. जिवतीच्या माळेला लागणारा आघाडा खरं तर न लावता उगवणारा! साडीला त्याच्या बिया चिकटल्या, की आमची आई वैतागायची. तो आता विकत मिळतो आणि आपण त्याचा भावही करतो. हे मला कुठंतरी खटकत होतं. पण खटकणं आणि त्यासाठी घरात भांडणं यात फरक असतो. ती वेळ आमच्याकडे 2018 मध्ये आली.

आमचं घर सासऱ्यांनी 1987 मध्ये बांधलेलं. पुढं अंगण चोवीस फूट बाय अठरा फूट. सासऱ्यांचे गुलाब होते, ते त्यांच्यामागं हळूहळू गेले. मग नुसता मुरूम, कडेला हरळी आणि एक तुळशीवृंदावन एवढंच राहिलं. 2018 च्या पावसाळ्यात सासूबाई तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि चिखलात घसरल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर! वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी स्वतःचा भात स्वतः कालवता येईना, याचं त्यांना किती वाईट वाटायचं ते मी पाहिलंय. त्यामुळं दिवाळीच्या आधी ह्यांनी जेव्हा जाहीर केलं, की 'आता अंगणात पेव्हर ब्लॉक घालायचे, विषय संपला', तेव्हा त्यांचं चुकत होतं असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. आईसाठीच तर म्हणत होते.

कॉन्ट्रॅक्टर टेप घेऊन आला. चारशे बत्तीस चौरस फूट, खाली खडी-कच धरून जवळजवळ तीस हजारांचा आकडा त्यानं कागदावर लिहून दिला. तो कागद फ्रिजवर लावला गेला.

मी एकच प्रश्न विचारला. आई घसरल्या कुठं? वाटेवर. मग वाट पक्की करू या की! सगळ्या चारशे बत्तीस फुटांवरून कोण चालतं? ह्यांचं म्हणणं, गाडीचं काय? मी म्हटलं, गाडीला चाकं चारच असतात, आणि तीही दोन रांगांत! मुलगी तेव्हा नववीत होती. ती वही घेऊन बसली. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की ते एक लिटर पाणी होतं, हे तिनं शाळेत नुकतंच शिकलेलं. आमचं अंगण साधारण चाळीस चौरस मीटर. पंचवीस मिलिमीटरची एक दणदणीत सर आली, तर हजार लिटर! म्हणजे गच्चीवरची आमची काळी टाकी काठोकाठ. 'बाबा, ब्लॉक घातले की यातलं बहुतेक पाणी गटारात,' ती म्हणाली. आमच्या बोअरला एप्रिलमध्ये धाप लागते, हे ह्यांना माहीतच होतं. एवढ्याशा अंगणानं बोअर काही भरून वाहणार नाही, हे मलाही कळतं. पण आपल्या दारात पडलेलं पाणी आपल्याच दारात मुरावं, यात वावगं काय?

शेवटी तह झाला. फाटकापासून पायरीपर्यंत तीन फूट रुंद वाट, खडबडीत शहाबादी फरशीची, पाणी साठू नये म्हणून किंचित उतार दिलेली. दोन पायऱ्यांच्या कडेला स्टीलचा कठडा. गाडीसाठी दीड-दीड फुटाच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्या मधे दूर्वा. हिशोब केला तर अंगणाचा चौथा हिस्सा फरशीला, तीन हिस्से मातीला. खर्च कॉन्ट्रॅक्टरच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आला. सासूबाई त्यानंतर अंगणात एकदाही घसरलेल्या नाहीत. ज्या मैत्रिणींच्या घरी म्हातारं माणूस आहे, त्यांनी बागेच्या आधी वाट करावी, हे मी अगदी आग्रहानं सांगेन. फुलं नंतर.

आता तीन हिस्से मातीत लावायचं काय?

नर्सरीत गेले. कोरांटी मागितली तर तिथला मुलगा हसायलाच लागला. 'मॅडम, कोरांटी कोण विकत घेतं? बोगनवेल घ्या, बारा महिने कलर!' अडुळसा नव्हता, तरवड नव्हता, कुंदा कधीतरी येतो म्हणाला. मी हात हलवत परत आले. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचं माहेर पाटणकडच्या डोंगरातलं. एरवी फार न बोलणारी ही बाई, पण 'तुमच्या माहेरच्या अंगणात काय होतं हो?' असं विचारलं मात्र, आणि त्या सुरूच झाल्या. कुंपणाला मेंदी आणि कोरांटी, कारण त्यातून शेरडं आत येत नाहीत. अडुळशाला तर शेळीही तोंड लावत नाही. विहिरीकडं तगर. दारात पारिजातक. मोरीच्या पाण्यावर अळू, केळ आणि माका. पावसाळ्यात बांधावर तेरडा, 'तो काही लावायचा नसतो, तो आपला आपण येतो.' मी लिहून घेत होते, त्या प्लास्टर निघालेला हात हळूहळू मुठीत मिटत-उघडत (डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम!) नावं सांगत होत्या. तीस-बत्तीस नावं झाली. त्यातली निम्मी मला पुस्तकी ठाऊक होती, रोप दाखवलं असतं तर ओळखता आली नसती. बी.ए.ला मराठी घेतलं, कवितांतून जाई-जुई-कुंदा भरपूर वाचली, पण कुंदा आणि जाईची पानं शेजारी ठेवली तर सांगता येईल का? बऱ्याच जणींची हीच गत असेल.

पुस्तकं चाळली, माहीतगारांना विचारलं, तेव्हा मात्र मजाच मजा कळली. ज्यांना आपण पक्की 'आपली' फुलं समजतो, त्यांतली कितीतरी सातासमुद्रापारची! दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिकडचाच. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे. देवळाशेजारचा पांढरा चाफा अमेरिका खंडातला, बोगनवेल आणि गुलबक्षीही तिकडच्याच. म्हणजे नर्सरीतल्या मुलानं मला परदेशी पाहुणीच गळ्यात मारायचा बेत केला होता म्हणायचा. आणि इथल्या कोण? पारिजातक, तगर, अबोली, तेरडा, कोरांटी, अडुळसा, तरवड, सोनचाफा, बकुळ. जांभळ्या फुलांचं ताम्हणही इथलंच. ते आपल्या महाराष्ट्राचं राज्यपुष्प आहे, पण किती जणींनी ते डोळ्यांनी पाहिलंय? ऐन उन्हाळ्यात ते फुलतं तेव्हा गुलमोहराकडं बघवत नाही.

अर्थात मी काही झाडांचे रहिवासी दाखले तपासत बसले नाही. झेंडू माझ्या अंगणात आहे, दसऱ्याला तो लागतोच. मोरीच्या पाण्यावर कर्दळ आहे, तीही अमेरिकेची, पण सांडपाणी पिऊन इतकी गुणी राहते की तिला काढायची माझी तयारी नाही. पत्रीच्या यादीतसुद्धा मरवा आहे, आणि तो भूमध्य समुद्राकडचा. आपल्या पूर्वजांनीही पाहुण्यांना घरात घेतलंच होतं की. फक्त घर पाहुण्यांनीच भरलं आणि घरचे उंबऱ्याबाहेर, असं होऊ नये एवढंच.

माझ्या मुलीनं याला नाव दिलं 'कॉटेज गार्डन'. इंग्लंडमध्ये शेतमजुरांच्या छोट्या घरांपुढं फुलं, भाज्या, औषधी झाडं असं सगळं दाटीवाटीनं लावलेलं असायचं, लॉन वगैरे काही नाही, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. मी म्हटलं, अगं, ही तर आपली परसबाग! तिला इंग्रजी झबलं घातलंय एवढंच. फरक इतकाच, की परस मागं असतं आणि आम्ही ते पुढं आणलं. लोकांना पुढचं दिसतं ना, म्हणून तर पुढचा सारा वाद झाला. त्याकडं येतेच.

आधी माती. मुरमात काही रुजणार नव्हतं. जानेवारी ते मे 2019, रविवारी दोन तास असं आम्ही तिघांनी दीड-दीड फूट खोल चर खणले. निघालेल्या विटांच्या तुकड्यांनी वाफ्यांच्या कडा केल्या. चरांत पालापाचोळा, शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि वर नदीकाठची पोयट्याची माती. त्यावर आच्छादन उसाच्या पाचटाचं. आमच्या भागात ऊस तुटला की पाचटाला वाली नसतो, कितीतरी ठिकाणी पेटवून देतात. एका शेतकऱ्यानं अर्धी ट्रॉली फुकट आणून टाकली, वर 'वहिनी, एवढा कचरा कशाला?' असंही विचारलं. चार बोटं जाडीचा हा थर दिला, की उन्हाळ्यात पाणी निम्मं लागतं आणि तणही दबतं. वाळवीची भीती असते म्हणून घराच्या भिंतीपासून दोन फूट मात्र मोकळे सोडले.

रोपं सगळी मागून आणलेली. पाऊस सुरू झाला की मेंदी, अडुळसा, तगर, जाई यांच्या पेन्सिलीएवढ्या काड्या मातीत खुपसल्या तरी फुटतात. दहा खुपसल्या तर सहा जगतात, आणखी काय हवं? तरवडाचं बी मात्र टणक. ते गरम पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवलं, मग उगवलं. तरवड म्हणजे रस्त्याकडेला, माळावर पिवळीधम्मक फुलं येतात ते झुडूप. आपण त्याच्याकडं ढुंकून बघत नाही, पण तेलंगणात त्याला राज्यपुष्पाचा मान आहे, बतुकम्माच्या सणात तीच फुलं रचतात. शिवाय दुसऱ्या वर्षानंतर त्याला पाणीच मागायची सवय नाही! कोरांटी आणि अडुळशाचंही तसंच. मोगरा आणि जाई मात्र लाडावलेल्या, त्यांना उन्हाळ्यात पाणी लागतंच. आंघोळीचं पाणी एका पाइपनं कर्दळ-अळूच्या वाफ्यात सोडलंय. वॉशिंग मशीनचं पहिलं, साबणाचं पाणी तेवढं बाहेर जातं.

आणि एक सांगायलाच हवं. काही उत्साही मैत्रिणी कास पठारावर सहलीला जातात आणि पिशवीत रोपं उपटून आणतात. कृपा करून असं करू नका. सह्याद्रीतली जी ठिकाणं 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली, त्यांत कास आहे. तिथं कातळावरच्या बोटभर मातीत जगणारं रोप आपल्या शेणखताच्या वाफ्यात आठवडाभरही तग धरत नाही. ते तिथूनही जातं आणि इथंही मरतं.

2019 चा पाऊस तर तुम्हाला आठवतच असेल. ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेनं रौद्र रूप दाखवलं. आमची कॉलनी उंचावर, त्यामुळं पाणी घरात आलं नाही, पण पंधरा दिवस सूर्य दिसला नव्हता. मला वाटलं, संपलं सगळं. ऊन पडल्यावर पाहिलं तर पाचट जागच्या जागी होतं, आणि त्यातून तेरडा गुडघाभर वर आलेला! गुलाबी, पांढरा, जांभळट. भाद्रपदात गौरी आणायच्या वेळी सासूबाई स्वतः काठी टेकत वाटेवरून आल्या आणि त्यांनी पाच रोपं मुळासकट काढून घेतली. त्यांच्या माहेरी गौर तेरड्याचीच. आमच्याकडं कित्येक वर्षं मुखवट्यांच्या गौरींपुढं मंडईतून आणलेली कोमेजलेली तेरड्याची जुडी ठेवली जायची. त्या वर्षी तेरड्याच्या मुळांना माती होती, पानांवर पाणी होतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण आमच्या अंगणात तो पुढं महिनाभर टिकला. नंतर शेंगा पिकल्या, की हात लावताच त्या फट्कन फुटतात. कॉलनीतली पोरं त्यासाठी रांग लावायची. पुढच्या वर्षीचं बी अशा रीतीनं पोरांनीच पेरलं.

आता वादाचं सांगते. शेजारच्या काकू मायाळू, पण स्वच्छतेच्या भोक्त्या. त्यांच्या अंगणात पेव्हर ब्लॉक. त्यांना आमचं अंगण म्हणजे 'गचपण' वाटायचं. आधी त्या हसत हसत बोलल्या. मग 2021 च्या पावसाळ्यात कॉलनीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले आणि प्रकरण तापलं. 'तुमच्या जंगलामुळं डास झालेत' असं मला बैठकीत सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं. तक्रार अर्जही गेला. तपासणीला माणूस आला, त्यानं बॅटरी लावून सगळ्यांकडंच पाहिलं. डेंग्यूचा डास झुडपात अंडी घालत नाही, तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात घालतो. फ्रिजमागचं तबक, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं जुनं टायर, झाकण नसलेली टाकी. आमच्या वाफ्यांत पाणी साठतच नाही, ते मुरतं. कुंड्या नाहीत, तर बश्याही नाहीत. अळ्या कुठं सापडल्या ते मी इथं लिहिणार नाही, शेजारधर्म म्हणून काही असतो! त्यानंतर मी बचत गटाच्या बैठकीत दर आठवड्याला 'कोरडा दिवस' सुरू केला. त्या दिवशी प्रत्येकीनं घरातली सगळी साठवणीची भांडी रिकामी करून घासायची. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळं आठवड्याला एकदा पुरतं.

सापाचीही भीती सगळ्यांना असते आणि ती खोटी नाही. साप येतो तो उंदीर-बेडकांमागं, आणि लपतो तो विटांच्या ढिगात, अडगळीत, भिंतीच्या भोकांत. म्हणून अंगणात राडारोडा ठेवायचा नाही, वाट रोज झाडायची, फाटकाजवळ दिवा ठेवायचा, वाटेच्या दोन्ही कडांना झाडं गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाहीत. एकदा धामण दिसली होती. आली तशी गेली.

ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. कण्हेर, धोत्रा, कळलावी ही सगळी विषारी, आणि रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट. पूजेला लागतात म्हणून ही झाडं आणलीच, तर पोरांचा हात पोचणार नाही अशा मागच्या कोपऱ्यात लावा. माझ्याकडं रुई आहे ती कंपाउंडच्या बाहेरच्या बाजूला. तिच्यावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अळ्या होतात आणि त्यांची केशरी फुलपाखरं. कढीपत्त्यावरच्या अळ्या तर आधी चक्क चिमणीच्या विष्ठेसारख्या दिसतात! मग हिरव्या होतात. सासूबाई पहिल्या वर्षी त्या चपलेनं मारायला निघाल्या होत्या. मुलीनं एक अळी बरणीत ठेवून कोष करून दाखवला. काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं फुलपाखरू बाहेर आलं, तेव्हापासून फोडणीला पानं तोडताना त्याच 'थांब, बघून तोड' म्हणतात. अळ्यांनी खाल्लेला कढीपत्ता पंधरा दिवसांत पुन्हा फुटतो. औषध मारायची गरजच नाही. मारलं तर ती पानं आपल्याच आमटीत पडणार ना! 2015 मध्ये आपल्या राज्यानं ब्लू मॉरमॉनला, म्हणजे राणी पाकोळीला राज्य फुलपाखराचा मान दिला, ती याच लिंबू-कढीपत्त्याच्या गोतावळ्यातली. ती आमच्याकडं एकदाच आली, ऑक्टोबरमध्ये, कोरांटीवर. फोटो काढेपर्यंत उडाली.

काकूंचं काय झालं म्हणाल, तर पारिजातकानं काम केलं. सत्यभामेच्या दारात झाड आणि फुलं रुक्मिणीच्या अंगणात, ही गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. आमचा पारिजातक फाटकाच्या कोपऱ्यात वाढला आणि फुलं थेट काकूंच्या पेव्हर ब्लॉकवर! पहिल्या वर्षी त्यांनी 'केर पडतो' म्हणून फांदी छाटायला सांगितली. मी छाटली. दुसऱ्या वर्षी त्यांच्या सुनेचं बाळंतपण सुखरूप झालं आणि काकूंनी देवाला लाख प्राजक्ताची फुलं बोलल्या. तेव्हा पहाटे साडेपाचला फुलं वेचताना म्हणाल्या, 'अगं, यंदा फांदी थोडी आमच्याकडं वाढू दे.' मोजून शंभर-शंभरचे वाटे करायला मी आणि सासूबाईही बसायचो. लाख काही एका हंगामात झाली नाहीत. दुसऱ्या वर्षी पूर्ण केली.

पण या सगळ्यात मला ज्यांच्याविषयी मनापासून लिहायचं होतं, त्या आमच्या पत्रीवाल्या मावशी. हरतालिकेच्या आदल्या दिवशी डोक्यावर भारा घेऊन त्या डोंगराकडच्या वाडीवरून पहिल्या एस.टी.नं येतात. मंडईच्या कोपऱ्यात बसतात. मंगळागौरीची सोळा पत्री, गणपतीची एकवीस. गणपतीच्या एकवीसमध्ये बेल, शमी, आघाडा, दूर्वा, धोत्रा, रुई, कण्हेर, माका, विष्णुक्रांता, डोरली, हादगा, अर्जुन अशी नावं येतात, देवदारही येतो. (देवदार हिमालयातला, तो मंडईत कसा मिळतो हे विचारू नये!) दोन-तीन वर्षं मी पाहत होते, त्यांच्या जुडीतली पानं कमी कमी होत चालली होती. एकवीसच्या जुडीत बारा-तेरा जाती आणि बाकी कुठलाही हिरवा पाला. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, 'ताई, मी काय फसवत न्हाई. डोंगराला निस्ती टणटणी माजलीया. आघाडा हाय, पर माका, विष्णुक्रांता हुडकाया दोन डोंगर वलांडावं लागत्यात. पाय ऱ्हायलं का आता?'

टणटणी म्हणजे घाणेरी, रंगीबेरंगी गुच्छांची. तीही अमेरिकेतून कुणीतरी शोभेसाठी आणलेली, आणि आता तिनं डोंगरच्या डोंगर व्यापलेत. ती माजली की खाली दुसरं काही रुजू देत नाही. कोणाच्या तरी बागेची हौस, आणि तिची किंमत मावशींचे गुडघे मोजतायत.

मी त्यांना घरी घेऊन आले. चहा झाल्यावर त्यांनी अंगणात फिरून बोटावर मोजलं. 'चवदा हायती,' म्हणाल्या. माका मोरीच्या वाफ्यात होता. आणि ज्या निळ्या फुलाला मी तण समजून पाहत होते, गाडीच्या पट्ट्यांमधल्या दूर्वांत सकाळी उमलून दुपारी मिटणारं, तीच विष्णुक्रांता! आपली आपण आलेली. त्या दिवशी मावशींनी आमच्याकडून दोन पिशव्या भरून नेल्या. त्या वर्षी त्यांची जुडी पुरी होती.

मग बचत गटात विषय काढला. आमच्या चौदा जणींपैकी नऊ जणींच्या दारात थोडी का होईना माती होती. प्रत्येकीनं चार-पाच जाती लावायच्या आणि हरतालिकेच्या आदल्या दिवशी मावशींनी येऊन न्यायच्या, असं ठरलं. ठरलं म्हणजे सहज नाही ठरलं! एकीनं स्पष्ट विचारलं, 'आम्ही लावायचं, पाणी घालायचं आणि पैसे मावशींनी करायचे?' प्रश्न रास्त होता. समाजकार्य म्हटलं की बाईनं सगळं फुकट करायचं, हे मलाही पटत नाही. दोन बैठका यावर गेल्या. शेवटी मावशींनीच तोड काढली. प्रत्येक घरी त्या पूर्ण एकवीसची एक जुडी फुकट देणार, आणि पावसाच्या सुरुवातीला एक दिवस येऊन कोणती पानं कशी ओळखायची, कुठं खुडायची, मूळ न उपटता फांदी कशी घ्यायची, हे शिकवणार. त्या दिवसाची त्यांची मजुरी गट देतो. विचारणारी बाई आता स्वतः आपट्याचं झाड वाढवतेय. दसऱ्याला लोक आपटा म्हणून कांचनच्या फांद्या तोडतात, त्याचा तिला फार राग.

ह्यांचं म्हणाल, तर गाडी धुताना दूर्वांवर पाणी पडतं याचं ते सध्या श्रेय घेतात. फ्रिजवरचा कॉन्ट्रॅक्टरचा कागद मी 2020 च्या लॉकडाऊनमध्ये काढला. मागच्या कोऱ्या बाजूला सासूबाईंनी कोणतं फूल कोणत्या महिन्यात येतं ते सांगितलं आणि मुलीनं लिहून काढलं. श्रावण-भाद्रपदात तेरडा, पारिजातक. दिवाळीपासून कोरांटी, पिवळी आणि जांभळी. थंडीत कुंदा. उन्हाळ्यात मोगरा, आणि फाटकाबाहेरचं ताम्हण. अबोली आणि तगर जवळजवळ वर्षभर. एखादा महिना तरी मोकळा असेल म्हणून शोधलं, सापडला नाही.

या पावसाळ्यासाठी मावशींनी डोरलीची मागणी केलीय. डोरली सगळ्या अंगभर काटेरी, पानांवरसुद्धा काटे. 'गाडीच्या बाजूला नको,' ह्यांनी आधीच सांगून ठेवलंय. काकू म्हणतात, आमच्याकडं ब्लॉकच्या कडेला हातभर माती आहे, तिथं लावली तर चालेल का? सासूबाईंनी काल काठीनं खुणा करून तीन जागा दाखवल्या आहेत. बी भिजत घातलंय, आणि मृगाची वाट बघतोय.